पालथा उंबरा

मी मत्सरी बाई आहे. मला ते लग्नाआधीपासून ठाऊक होतं, एडविनला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. स्कारबरोच्या खाणावळीत मालकिणीनं न मागता त्याच्या ताटात दुसरं अंडं वाढलं, तेवढ्यावरून मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते. पुढच्या वीस वर्षांत मी त्याच्या दुकानात कामाला येणाऱ्या मुलींवर जळले, चर्चच्या गायनवृंदातल्या एका विधवेवर जळले, आणि त्याच्या मेलेल्या आईची पत्रं तो अधूनमधून काढून वाचायचा म्हणून त्या पत्रांवरही जळले. एडविन हसायचा. "म्यूरिअल, माझ्यासारख्या लंबूटांग्याकडे कोण बघणार आहे?" म्हणायचा. खरंच कुणी बघत नव्हतं. माझा एकही संशय कधी खरा निघाला नाही, हे मी आधीच कबूल करून टाकते.

स्केलबेकमधलं गार्थ नावाचं घर आम्ही सत्तावन्न साली वसंतात घेतलं. एडविनचं डोळे तपासायचं दुकान स्किप्टनच्या बाजारात होतं, तिथून बसनं अर्ध्या तासाची वाट. घर एक असलं तरी ते एका काळात बांधलेलं नव्हतं. मागचा भाग तीनशे वर्षांचा, शेतातल्या ओबडधोबड दगडांचा, हातभर जाड भिंतींचा. त्याच्या खिडक्यांचे मधल्या दगडी खांबांनी अरुंद अरुंद भाग केलेले. पुढं कुणा सधन घराण्यानं शंभर-दीडशे वर्षांनी घडीव दगडाचा देखणा दर्शनी भाग चढवला होता, वर पाच आणि खाली चार उंच खिडक्या, मधोमध दार. आणि शेवटी ऐंशी वर्षांपूर्वी एका गिरणीवाल्याला मोठेपणाची हौस आली, तेव्हा त्यानं मधली जुनी भिंत पाडून पुढूनमागून एकच लांबरुंद हॉल काढला आणि त्यात काळ्यापांढऱ्या फरशा बसवल्या. रस्त्यावरून ते घर सभेला निघालेल्या गृहस्थासारखं दिसे. मागच्या कुरणातून पाहिलं तर तोच गृहस्थ बूट काढून चुलीपाशी बसलेला. पश्चिमेच्या भिंतीत दोन खिडक्या दगडांनी बुजवलेल्या होत्या. बुजवलेल्या दगडांचा रंग आजूबाजूच्या दगडांहून थोडा पिवळट होता, आणि पाऊस पडून गेला की ते उशिरा वाळत.

मे महिन्यातल्या एका सकाळी एडविन हातात वर्तमानपत्र घेऊन हॉलमधून मागे जात होता. हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात टेलिफोन आणि त्याचं लिहायचं मेज होतं. चालता चालता त्यानं मान खाली घातली आणि दोन पावलांनी पुन्हा वर केली, बुटक्या दारातून जाताना उंच माणसं करतात तशी.

"डोकं कशाला आपटेल तुझं?" मी म्हणाले. "छत अकरा फुटांवर आहे."

"वाकलो मी?" त्यानं विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

मी ते विसरूनही गेले असते. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाकला, तिसऱ्या दिवशीही, आणि नेहमी त्याच जागी, जिन्यापासून सहावी काळी फरशी जिथं येते तिथं. मग माझ्या लक्षात आलं की तिथं तो नुसता वाकत नाही, उंबरा ओलांडावा तसा पायही उचलतो. दिवाणखान्यातही असंच काहीतरी होतं. खिडकीपासून पुस्तकांच्या कपाटाकडे सरळ सात पावलं. एडविन ती अर्धगोल फिरून दहा पावलांत जायचा, मधे काहीतरी मोठं उभं असावं तसा. जूनअखेर गालिच्यावर त्याच्या पायांची वाकडी वाट दिसायला लागली.

हे सगळं मी हसून सोडून देत होते. माणसाला वयपरत्वे लकबी लागतात. पण जुलैतल्या एका दुपारी, तो मागे निघाला असता मी जिन्यावर उभी होते. सहाव्या फरशीपाशी तो वाकला, पाय उचलला, आणि पलीकडे गेल्यावर न वळता त्यानं डावा हात मागे केला, तळवा वर. क्षणभर तसाच धरला. मग बोटं अलगद मिटली आणि तो पुढं गेला.

मागून येणाऱ्या बाईला आधार द्यावा, तसा तो हात होता. वीस वर्षांत मी कितीतरी जिने, नाले, कुंपणाच्या शिड्या त्याच्यामागून ओलांडल्या होत्या. माझ्यासाठी त्यानं तो हात कधी मागे केला नव्हता.

सप्टेंबरात मिस फॅनशॉ आली. जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढून ठेवणारी कुठलीशी संस्था होती, तिच्या वतीनं ती खोऱ्यातली घरं पाहत हिंडत होती. पस्तिशीची, केस कापलेले, अंगात पुरुषी विजार, कानामागे पेन्सिल. तिच्या चष्म्याची काडी वाकडी झालेली होती. एडविननं तिला खुर्चीत बसवलं, चष्मा काढून घेतला, काडी सरळ केली आणि परत चढवताना तिच्या कानांमागे बोटं फिरवून नीट बसला की नाही ते पाहिलं. रोज दुकानात पन्नास जणांच्या कानांमागे तो हेच करत असे.

"फार जिव्हाळ्यानं वाकवलीस तिची काडी," रात्रीच्या जेवणाला बसताना मी म्हणाले.

"सरळ केली, म्यूरिअल. वाकडी होती."

"तेच ते."

त्यानं बटाटे माझ्याकडे सरकवले आणि विषय संपवला.

ती तीन आठवडे येत होती. एडविन दुकानातून लवकर परतून तिच्या मापाच्या फितीचं दुसरं टोक धरायला उभा राहायचा. मी त्यांना चहा नेऊन द्यायची आणि ट्रे ठेवायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ तिथं घोटाळायची. त्यांचं बोलणं अमुक फूट तमुक इंच एवढंच असे. मला त्यातही काहीतरी ऐकू येत होतं.

काम संपलं त्या दिवशी तिनं मला एकटीलाच स्वयंपाकघरात गाठलं. टेबलावर तिनं आजच्या घराचा नकाशा पसरला आणि त्यावर पातळ कागदावर काढलेला दुसरा नकाशा ठेवला. "खालचं घर तुमचं," ती म्हणाली. "वरचं पहिलं. दर्शनी भाग नव्हता, हॉल नव्हता, तेव्हाचं. मिसेस इबॉट्सन, तुमचे यजमान लहानपणी कधी इथं राहिले होते का?"

"तो ब्रिस्टलचा आहे. या वर्षापर्यंत त्यानं हे खोरं पाहिलंही नव्हतं."

"मग मला कळत नाही." तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि वरच्या कागदावर टेकवली. "हॉलमध्ये इथं भिंत होती. भिंतीत दार, जेमतेम साडेपाच फुटांचं. मला ते छताजवळच्या खुणांवरून तीन आठवड्यांनी कळलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोट ठेवून दाखवलं, दार इथं होतं म्हणून. आणि दिवाणखान्यात मोठं धुराडं होतं, मधोमध. तेही."

मी त्या कागदाकडे पाहत राहिले. माझ्या नवऱ्याच्या सगळ्या लकबी त्यावर शाईनं काढलेल्या होत्या.

"त्या दाराच्या आत काय होतं?" मी विचारलं.

"आतली खोली. घरातली सगळ्यात चांगली. तेव्हा घरधनी आणि त्याची बायको खालीच निजायचे. त्यांच्या पलंगाची खोली ती."

माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं पाणी आणून दिलं आणि फार मवाळ आवाजात म्हणाली, "माझ्यावर तुमचा राग होता, हे मला कळत होतं. खरंच कारण नव्हतं."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. आणि त्या क्षणापासून मिस फॅनशॉवर मला तिळभरही जळावंसं वाटलं नाही. एडविन कुणाचा हात धरून कुठं जातो, ते मला समजलं होतं.

तरी मी एकदा करून पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेलिफोनकडे निघाला तशी मी अनवाणी त्याच्यामागे गेले. सहाव्या फरशीपाशी तो वाकला, पाय उचलला, आणि हात मागे आला. मी त्यात माझा हात दिला.

त्यानं तो धरला. ऊबदार, घट्ट, सवयीचा हात. "हळू," तो म्हणाला, "आज दगड घामेजलाय." तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या लग्नाच्या वेळी नाही, आमचं मूल जन्मून तीन दिवसांत गेलं तेव्हाही नाही. मी कोरड्या, सपाट फरशीवर पाऊल उचललं आणि पलीकडे टाकलं.

मग तो वळला आणि त्यानं मला पाहिलं.

"अगं, तू होय," तो म्हणाला. हात सुटला. दारात पाहुणे आले असं वाटून धावत जावं आणि दूधवाला निघावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. लगेच तो सावरला, हसला, माझ्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. त्या थोपटण्याचं मला जितकं लागलं तितकं आयुष्यात कशाचं लागलं नाही.

ऑक्टोबरात एडविन एडिंबरोला गेला. बुबुळावर बसवायच्या नव्या काचा निघाल्या होत्या, त्या शिकायला, पंधरा दिवस. त्याची गाडी सुटली त्याच सकाळी मी जोसाया क्लफला बोलावलं. क्लफचं घराणं चार पिढ्या या खोऱ्यात दगडाचं काम करत होतं. सत्तरीचा, कानानं थोडा कमी, तोंडानं भरपूर. मी त्याच्यापुढं मिस फॅनशॉचा पातळ कागद ठेवला आणि म्हणाले, "इथं भिंत. या मापाचं दार. पंधरा दिवसांत."

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, पन्नास वर्षं लोक मला भिंती पाडायला बोलावतायत. उजेड पाहिजे, हवा पाहिजे, म्हणून. हॉल लहान करून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"जमेल का ते सांगा."

"जमायला काय झालं? साहेब आल्यावर मला झोडपणार नाहीत ना? या वयात मला पळणं होत नाही."

मला काय हवं होतं ते मी त्याला सांगितलं नाही, पण मला ते स्पष्ट दिसत होतं. दार नसताना तो जिच्यासाठी हात मागे करत होता, तिची जागा घरात कुठंच नव्हती आणि म्हणूनच सगळीकडे होती. खरं दार झालं, खरी खोली झाली, आमचा पलंग आत पडला, की त्या दारातून जाणारी बाई मीच असणार होते. दुसऱ्या कुणाला तिथं पाय ठेवायला जागा उरणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी क्लफनं फरशा उचलल्या आणि मला हाक मारली. सहाव्या फरशीच्या खाली, आडवा, एक लांब दगड पुरलेला होता. जुना उंबरा. गिरणीवाल्यानं तो काढून टाकायचे कष्ट न घेता जागच्या जागी खाली दाबून टाकला होता. मधोमध दगड झिजून दोन खळगे पडले होते, एक खोल, एक त्याच्याशेजारी जरा उथळ.

"पायांनी झिजलाय," क्लफ गुडघ्यावर बसत म्हणाला. "एक माणूस जड, एक हलकं. बहुतेक उंबरे मधे एकाच ठिकाणी झिजतात बघा. इथं दोघं रोज बरोबरीनं आत जात असणार. त्या अरुंद दारातून. हौसच म्हणायची."

त्या उथळ खळग्यात माझं पाऊल बरोबर बसलं असतं. मी ते ठेवून पाहिलं नाही.

"हा दगड पालथा घालून बसवा," मी म्हणाले.

"पालथा? कशाला? चांगला आहे."

"मला कोरा उंबरा पाहिजे. दुसऱ्यांच्या पायांचा नको."

तो बराच वेळ कुरकुरला. मग त्याच्या दोन गड्यांनी पहारी घातल्या आणि दगड उलटला. क्लफनं ओल्या फडक्यानं माती पुसली आणि हात थांबवला. पुसत राहण्याचं त्याला धैर्य होईना असं वाटलं, म्हणून फडकं मी घेतलं.

खालच्या बाजूलाही दोन खळगे होते. एक खोल, एक उथळ. वरच्याइतकेच जुने, कदाचित अधिक.

"तुमच्या आधी कुणाला तरी हेच सुचलेलं दिसतंय," क्लफ म्हणाला. त्या दिवसभरात तो पुन्हा काही विनोद करून बोलला नाही.

दगड तसाच बसवून घेतला. भिंत उभी राहिली, चुन्यानं लिंपली, ओकच्या फळ्यांचं बुटकं दार लागलं. आमचा पलंग गड्यांनी वरून खाली आणला. खोली लहान झाली, पश्चिमेच्या बुजवलेल्या खिडक्यांमुळे काळोखी, पण शेगडी पेटवल्यावर अशी उबदार की मी पहिल्या दुपारीच तिथं गाढ झोपले.

एडविन परतला तेव्हा मी त्या दारापाशी उभी होते. त्यानं हॅट काढली, भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. पंधरा दिवस प्रवास करून आपल्या घरी आलेल्या माणसाला जसं बरं वाटतं, तसं त्याला वाटलं, एवढंच दिसलं. तो वाकला, उंबरा ओलांडला, आणि हात मागे केला.

मी हात दिला. तो वळला, मला पाहिलं, आणि या वेळी त्याचा चेहरा पडला नाही. "फार दिवस झाले," तो म्हणाला.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. एडविन दुकानातून तडक घरी यायचा, शेगडीपाशी बसून माझ्या केसांवरून हात फिरवायचा, मी बोलत असताना मला बघत राहायचा. मला कुणावर जळायचं कारणच उरलं नाही. आत काहीतरी वीस वर्षं वळवळत होतं, ते शांत झोपलं. नोव्हेंबरात कधीतरी लक्षात आलं की परतल्यापासून त्यानं मला नावानं हाक मारलेली नाही. पण इतक्या जवळ बसलेल्या माणसाला नावानं कोण हाक मारतं?

नाताळच्या आधी, शेगडीवरच्या फळीवर दोऱ्यानं बांधलेली पत्रं दिसली. व्हिटबीहून माझ्या बहिणीची, शाळेतल्या मैत्रिणीची. फोडलेली नव्हती.

"ही माझ्याकडे का नाही दिलीस?"

"ती म्यूरिअलची आहेत," एडविन म्हणाला. "आली की देऊ."

मी हसले. तोही हसला. मी गठ्ठा परत फळीवर ठेवला. पुष्कळदा मनात विचार येतो की तेव्हा दोरा सोडायला हवा होता. खरं सांगायचं तर वाचावंसंच वाटलं नाही. लोकांच्या पत्रांत डोकावण्याची मला एकाएकी शरम वाटली.

फेब्रुवारीत मिस फॅनशॉ आली. भिंत पुन्हा उभी राहिल्याचं क्लफकडून तिच्या कानावर गेलं होतं. एडविननं तिला आत घेतलं, मी खोलीतून बाहेर येऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. तिनं दाराची चौकट हातानं चाचपली, चुन्यावर नख ओढून पाहिलं आणि खूश झाली.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"म्यूरिअलच्या," एडविन म्हणाला.

"त्या आहेत कुठं?"

"गेली ती. ऑक्टोबरातच." त्याचा आवाज खाली आला. "या घरात तिचं मन रमलं नाही. मीही लक्ष द्यायला कमी पडलो."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. तो हसेल म्हणून मी थांबले. मिस फॅनशॉनं चष्मा काढून रुमालानं पुसला.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "चांगल्या होत्या हो. जरा तुसड्या वाटायच्या, पण मनानं चांगल्या." मग चष्मा चढवून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, सौजन्यानं हसली आणि हात पुढं केला. "आपली ओळख झालेली नाही."

माझं नाव माझ्या जिभेवर होतं. ते उच्चारायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मला मिळालाही होता. पण त्या क्षणात माझं लक्ष एडविनकडे होतं. 'मीही लक्ष द्यायला कमी पडलो' म्हणताना त्याचा आवाज खाली आला होता. माझ्याविषयी बोलताना तो असा कधी खाली आला असेल? कितीतरी महिन्यांनी मी पुन्हा जळले. मी मिस फॅनशॉशी हात मिळवला आणि हवापाण्याविषयी काहीतरी बोलले.

ती गेल्यावर दार लावून एडविन तिथंच रेंगाळला. दाराजवळच्या खुंटीवर एक करडा पावसाळी कोट लटकत होता, कोपरापाशी रफू केलेला, थोडा जुना.

"हा अजून इथं कशाला?" मी म्हणाले. "देऊन टाक कुणाला तरी."

"राहू दे. येईल ती कधीतरी, तेव्हा लागेल तिला."

त्यानं कोटाची दुमडलेली कॉलर सारखी केली, खांद्यांवरची धूळ झटकली, आणि थंडीत बाहेर निघालेल्या माणसाची घालावीत तशी एकेक करून बटणं घालू लागला, खालून वर, सावकाश. मी खोलीच्या दारात उभी राहून बघत होते. गळ्याशी आल्यावर त्याची बोटं थांबली, आणि गळा आवळणार नाही ना याचा अंदाज घेऊन त्यानं शेवटचं बटणही लावलं.